मोहोळचा कान

आमच्या घरात संध्याकाळी सातला कुकरची शिट्टी वाजवायला बंदी होती. आमची आई, म्हणजे अव्वा, पावणेसातलाच डाळ उतरवून ठेवायची आणि तवा चढवायची, कारण भाकरी थापायचा आवाज अप्पांना चालत असे, शिट्टी चालत नसे. अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा. चारी बाजूंनी यंत्रमागांची खटाखट दिवसभर सुरू, तिचं कुणाला काही नाही, पण सातला मात्र घर चिडीचूप व्हायचं. अप्पा टॉवेलच्या कारखान्यातून सायकलवर यायचे, हातपाय धुऊन कपाळाला विभूती लावायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून माइक हातात घ्यायचे. मग सुरू व्हायची हजेरी. सोलापुरात आणि आसपास ज्या पंधरा-वीस जणांकडे हॅम, म्हणजे हौशी बिनतारी, रेडिओचा परवाना होता, त्या प्रत्येकाचं नाव अप्पा एकेक करून घ्यायचे. समोरच्यानं ‘हजर’ म्हणायचं, हवापाण्याची दोन वाक्यं बोलायची आणि पुढच्याला वाट द्यायची. अव्वा म्हणायची, “शाळामास्तर व्हायचं सोडून फिटर कशाला झाले देव जाणे!”

अप्पा कारखान्यात माग दुरुस्त करायचे. उभा जन्म त्या खटाखटीत गेल्यामुळे त्यांचे कान अधू झाले होते. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक आवाज गळून जायचे. बाईमाणसाचं बोलणं त्यांना निम्मंच कळायचं, आणि स्वतः मात्र ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. असा माणूस रेडिओचा नाद करतो, हे ऐकून लोक हसत. म्हणून माझी थोरली बहीण महानंदा, म्हणजे आमची अक्का, आणि मी, आम्ही दोघी त्यांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसायचो. खरखरीतून आलेलं नाव आम्ही ऐकायचं आणि अप्पांच्या कानाशी मोठ्यानं म्हणायचं. तसं करता करता आम्हालाही गोडी लागली आणि दोघींनी परीक्षा देऊन परवाने काढले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अक्काचा कान माझ्यापेक्षा तयार होता, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं, आज करते.

मग अक्काचं लग्न झालं आणि ती करकंबला गेली. तिला अजून शिकायचं होतं. अप्पांनी ऐकलं नाही. स्थळ चांगलं, घर शेतीवाडीचं, मुलगा स्वभावानं गरीब, असं सगळं त्यांनी तिला पटवलं आणि ती पटल्यासारखी गप्प बसली. लग्नाच्या रुखवतात लाडू, शेवया, करंज्या आणि मण्यांच्या तोरणाच्या मधोमध अप्पांनी स्वतःच्या हातानं बनवलेला एक छोटा रेडिओ सेट ठेवला होता. वऱ्हाडातल्या बायका त्याला हात लावून म्हणत होत्या, “हे काय गं? ह्याच्यावर गाणी लागत्यात का?” पंधरा दिवसांनी करकंबहून निळं आंतरदेशीय पत्र आलं. अक्कानं लिहिलं होतं, ‘माळवदावर उभी राहिले की अप्पांची हजेरी लख्ख ऐकू येते. माझं नाव घेतात तेव्हा मी रोज हजर म्हणते. तुम्हाला येत नाही वाटतं.’ अव्वानं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे तिला आपलं ऐकू येतंय आणि आपल्याला तिचं नाही. हे तर जास्तच वाईट झालं की.”

ह्यात चूक कुणाची नव्हती. अप्पांच्या कारखान्यातल्या उंच पाण्याच्या टाकीवर, शेठजींच्या परवानगीनं, एक रिपीटर बसवला होता. रिपीटर म्हणजे फार काही नाही. कुणाचा लहान आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी तो मोठ्या ताकदीनं चहूकडे सांगायचा. आमच्या रिपीटरचं तोंड दांडगं होतं, करकंबच्याही पुढं पोचायचं. कान मात्र साधा. अक्काच्या हातातल्या सेटचा आवाज इतक्या लांबून त्या कानापर्यंत येता येता विरून जायचा. पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी अप्पा जेवताना शेंगाचटणीवर तेल ओतता ओतता म्हणाले, “तिला इकडं आवाज पोचवता येत नाही ना? मग आपण आपला कान तिकडं नेऊ.” म्हणजे करकंबच्या अलीकडं, मोहोळला, उंचावर एक वेगळा रिसीव्हर बसवायचा. त्यानं अक्काचं ऐकायचं आणि दुसऱ्या लहरीवरून सोलापूरच्या टाकीकडं पाठवायचं. टाकीवरच्या रिपीटरनं ते सगळ्यांना सांगायचं. अव्वानं विचारलं, “आणि ह्याला पैसा?” अप्पा म्हणाले, “पैसा असता तर डोकं कशाला चालवलं असतं?”

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात जे चाललं त्याला मी अजून सुखाचे दिवस म्हणते. भंगारवाल्याकडून अप्पांनी दोन मोडके वायरलेस सेट उचलले. एकातून ऐकणारा भाग काढला, दुसऱ्यातून पाठवणारा. केबल टीव्हीवाल्या पोरांच्या मागं लागून उरलेल्या वायरीचे तुकडे जमवले. अँटेनाच्या काड्या शेजारच्या घरातल्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या, आणि त्या काड्या धरायला लाकडी आधार हवा तर कारखान्यातले झिजलेले धोटे, ज्यांनी आयुष्यभर मागावर इकडून तिकडं सूत नेलं ते. अप्पांनी ते मेणात उकळून घेतले, अव्वाच्या चांगल्या पातेल्यात. त्यावरून जे रामायण झालं ते विचारू नका! पावसापाण्यापासून रिसीव्हर वाचवायला गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, आणि कितीही पुसला तरी त्याला शेंगतेलाचा वास राहिला तो राहिलाच. सुट्टीच्या दिवशी अव्वा धपाटे लाटायची आणि मी एका हातानं धपाटं खात दुसऱ्या हातानं वायरींना सोल्डरिंगचे डाग द्यायचे. राळेचा धूर आणि तव्यावरचा धूर एकच व्हायचा. अप्पा हातातलं काम न थांबवता ओरडून विचारायचे, “अक्का, तिसरी वायर कुठली गं?” आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की अक्का नाही, मी आहे.

दोन कान झाले की कुणाचं ऐकायचं हा प्रश्न येतो. मोठे लोक त्यासाठी महागडी यंत्रं वापरतात, जी दोन्ही आवाज तोलून चांगला निवडतात. अप्पांनी एक साधा रिले, म्हणजे आपोआप फिरणारा विजेचा खटका, लावला. ज्या कानाला आधी ऐकू येईल, तो जोवर ऐकतोय तोवर रिपीटर त्याचाच. दुसऱ्यानं गप्प बसायचं. “पहिल्या आलेल्याला पहिला पाट,” असं ते म्हणाले आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. जागा मिळाली ती मोहोळच्या एका पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाले अप्पांच्या जुन्या ओळखीतले, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दुमजली पक्की इमारत, वर मोकळी गच्ची, शिवाय मामा म्हणाले, “वीज वापरा की. एवढी मोटार फिरती, तुमच्या डब्यानं असं काय पिणार हाय?” फुकटची जागा आणि फुकटची वीज म्हटल्यावर अप्पांनी खाली फिरणाऱ्या त्या मोटारीचा विचारच केला नाही.

कान बसला त्या दिवशी सातला अप्पांनी हजेरीत अक्काचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं. मग गिरणीच्या खरखरीत, विहिरीच्या तळातून आल्यासारखा अक्काचा आवाज आला, “हजर.” अव्वाच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच करपली. अप्पांना ऐकू आलं नव्हतं, ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, “हजर म्हणाली, अप्पा.” त्यांनी माइक खाली ठेवला, चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

आता अक्का पुण्याला मुलाकडं असते आणि रोज मला व्हिडिओ कॉल करते. फोन असा धरते की तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. आवाज अगदी स्वच्छ येतो, आणि अर्धा तास बोलून आम्ही दोघी काय बोललो ते फोन ठेवल्यावर आठवत नाही. ते ‘हजर’ मात्र मला आजही ऐकू येतं. अप्पांचा आवाज कुठं म्हणजे कुठं राहिला नाही, एखादी टेपसुद्धा नाही. वीस वर्षं रोज संध्याकाळी हवेत बोलणाऱ्या माणसाचा आवाज मुलींकडं नसावा, ह्याचा मला कधी कधी इतका राग येतो की ते समोर असते तर मी भांडले असते.

कान बसल्यावर जेमतेम तीन आठवडे सुख लागलं. गिरणी सकाळ-संध्याकाळ चालायची, आणि ती चालू झाली की तिच्या मोटारीची खरखर मधूनमधून मोहोळच्या कानात शिरून रिपीटरवरून सगळ्या जिल्ह्याला ऐकू जायची. बाकीचे लोक कुरकुरायला लागले. एक जण तर रोज विचारायचा, “काय साहेब, आज गहू दळायलात का ज्वारी?” अप्पांना हे फार लागायचं. त्याच सुमारास एका शनिवारी अक्कानं हजेरीत ‘हजर’ म्हटलं आणि पुढं न थांबता म्हणाली, “अप्पा, मला चार दिवस न्यायला या की. लई आठवण येते.” सगळे ऐकत होते. मी तिचं वाक्य अप्पांच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा कडक झाला. माइकवर म्हणाले, “घरचं बोलणं इथं नको, महानंदा. ही हजेरी आहे.” आणि हजेरी संपवून टाकली. अव्वानं त्या दिवशी त्यांना ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. खरखरीचा बंदोबस्त करायला अप्पांनी मला मोहोळला धाडलं. रिसीव्हरमध्ये एक बारका स्क्रू असतो. तो म्हणजे कानाच्या दाराची कडी. सैल ठेवला तर बारीकसारीक सगळं आत येतं, आवळला तर फक्त मोठा आवाज आत येतो. अप्पांनी निघताना बजावलं होतं, “खरखर थांबेपर्यंतच आवळ. त्याच्या पुढं केसभरही नाही.” मी गच्चीवर गेले. खाली गिरणी चालू होती. स्क्रू फिरवला, खरखर थांबली. पण मोटारीवर जोर पडला की मधूनच परत यायची. परत यायचं झालं तर अख्खा रविवार जातो, माझी मैत्रीण सोलापुरात वाट बघत होती, बस सुटायला आली होती. मी आणखी अर्धा फेरा आवळला. आता अगदी शांत. मग नीट चालतंय ना बघायला मी तिथंच डब्याशेजारी उभी राहून माझ्या हातातल्या सेटवर बोलले, आणि कान खाडकन उघडला. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, “अप्पा, एकदम ठणठणीत.” त्या संध्याकाळी सगळ्यांनी हजेरीत अप्पांचं कौतुक केलं. एवढा स्वच्छ रिपीटर पुण्याकडंसुद्धा नसेल, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अक्काचं नाव घेतलं तेव्हा उत्तर आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आम्ही तिघांनीही एकच अर्थ काढला, की अक्का रुसली. चारचौघांत अप्पांनी तिला गप्प केलं, म्हणून तिनं तोंडच मिटलं. शिकायला नाही म्हणालो तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती, असं अप्पा एकदा जेवताना पुटपुटले आणि उठून गेले. चौथ्या दिवशी त्यांनी हजेरीच्या वहीत तिच्या नावापाशी बोट ठेवलं, थांबले, आणि नाव न घेताच वही मिटली. मी विचारलं तर म्हणाले, “तिला बोलायचं नसेल तर रोज सगळ्यांदेखत कशाला हाक मारायची? तिलाही अपमान, मलाही.” पत्र लिहा म्हणून अव्वा पाठी लागली. ते म्हणायचे, उद्या लिहू. करकंबहूनही पत्र येईना. असे अडीच महिने गेले. सातला घर चिडीचूप व्हायचंच, पण आता त्यात कुणी कुणाकडं बघत नसे. मीसुद्धा मनातून अक्कावर चिडले होते. बापाचा एवढा राग कुणी धरतं का, असं वाटायचं.

एका दुपारी दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बाजारच्या कामाला सोलापुरात आले आणि वांग्यांची पिशवी घेऊन घरी टेकले. अप्पा कारखान्यात होते. अव्वानं ताक दिलं. दाजी बोलायला कमी, पण ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “मामीसाहेब, येक इचारू का? आमचं काय चुकलं का?” अव्वा म्हणाली, “असं का म्हणता?” दाजी म्हणाले, “न्हाय, ती रोज सांजच्याला माळवदावर जाऊन बोलती की. सात वाजलं की हातातलं काम टाकून जाती. आन रडवेलं तोंड करून खाली येती. अप्पांनी हजेरीतनं नाव काढलं म्हणती. बोलून घेत न्हाईत म्हणती.”

अव्वा माझ्याकडं बघायला लागली. रोज बोलते. म्हणजे पहिल्या दिवसापासून बोलते. मला तो अर्धा फेरा आठवला, आणि डब्याशेजारी उभं राहून केलेली ती तपासणी. हाताच्या अंतरावरून बोलले होते मी! अप्पांना हे पुढं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, “कानाशी जाऊन ओरडलं तर मलाही ऐकू येतं गं.” त्याहून थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या दुपारी मात्र मी दाजींना आणि अव्वाला काही न सांगता हातातला सेट आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. फक्त अव्वाला म्हटलं, “सातला अप्पांच्या जवळ तू बस. दाजी काय म्हणाले ते त्यांना सांग. खरखर आली तरी त्यांना सेट बंद करू देऊ नको. नीट कान देऊन ऐक.” आणि मोहोळची बस पकडली.

बस रस्त्यात रखडली. मी गिरणीवर पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. खाली बायकांची रांग लागलेली, ज्वारीचे डबे, पाट्या, आणि पीठ उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. मी धडाधड जिना चढले, डबा उघडला आणि स्क्रू पहिल्यापेक्षाही सैल केला. माझ्या हातातल्या सेटवर अप्पांची हजेरी चालू होती, एक नाव संपताच ती खरखरीखाली बुडाली. मी सेट कानाला घट्ट दाबला. खरखर, खरखर, आणि तिच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण माझ्या बहिणीचा आवाज मला कळणार नाही? आणि त्याच वेळी ध्यानात आलं की आता काहीच उपयोग नाही. गिरणी चालू आहे तोवर मोहोळचा कान उघडाच राहणार, आणि तो उघडा आहे तोवर रिले सोलापूरच्या कानाला विचारणार नाही. म्हणजे अप्पा काही बोलले तरी ते अक्कापर्यंत जाणार नाही. ती बोलणं संपवून माळवदावरून उतरेल, आणि उद्यापासून कदाचित चढणारही नाही.

मी खाली धावले. “मामा, गिरणी बंद करा!”

“येडी का काय तू? रांग बघ की जरा!”

“मामा, पाया पडते. अक्का बोलायलीय. ह्या मोटारीमुळं घरी ऐकू जाईना.”

रांगेतली एक म्हातारी पुढं झाली. “कोन बोलायलंय गं पोरी?”

मी सांगितलं. माझी बहीण, करकंबला दिलीय, अडीच महिने रोज बापाशी बोलतेय आणि माझ्या चुकीनं एकही शब्द पोचला नाही. सांगता सांगता मला रडू फुटलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मामांकडं वळली. “बंद कर रं.”

“आवो पण मावशी, तुमचंच दळण निम्मं पडलंय.”

“पडू दे. लेक बोलतीया बापासंगं. बंद कर.”

मामांनी खटका ओढला. पट्टा फडफडत मंदावला, जातं घरघरून थांबलं. मी हातातला सेट पोत्यांच्या थप्पीवर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. खरखर नव्हती. अक्का बोलत होती, कुणी ऐकतंय अशी आशा नसलेल्या माणसासारखी, सरळ, पाठ केल्यासारखी. “...आज वांगी तोडली. सासूबाईंचा गुडघा जरा बरा आहे. मी भाकरी आता अव्वासारखी करते, फुगते चांगली. अप्पा, तुम्ही नाव घेत नाही, तरी मी हजर आहे. बरं, आता जाते.”

सेट गप्प झाला. मग त्यातून आमच्या घरातला आवाज आला, आधी मागून अव्वाचा, अप्पांच्या कानाशी ओरडणारा, “अहो, जाते म्हणतीय ती! बोला की, जाते म्हणतीय!” आणि मग अप्पांचा, नेहमीसारखा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

“महानंदा!”

काहीच आलं नाही. मी मनात मोजायला लागले आणि मोजता येईना. म्हातारीनं माझा हात धरला होता, तिची पकड पिठानं खरखरीत होती. एका बाईनं कडेवरच्या रडणाऱ्या पोराचं तोंड हातानं हलकेच दाबलं.

“अप्पा?” सेटमधून आलं. “अप्पा, ऐकू आलं तुम्हाला?”

“आत्ता आलं,” अप्पा म्हणाले. “चूक आमची झाली, बाळ. तू रोज बोललीस आणि इथं काही आलंच नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी न्यायला येतो. पण आधी सांग. पहिल्या दिवसापासून काय काय बोललीस, ते सगळं परत सांग.”

अक्का आधी रडली, मग सांगायला लागली. म्हातारीनं आपला रिकामा झालेला ज्वारीचा डबा उपडा घातला आणि त्यावर बसली. तिचं बघून बाकीच्या बायकाही बसल्या, कुणी पायरीवर, कुणी पोत्यावर, पदर डोक्यावरून घेऊन. बाहेर अंधारून आलं, चुली पेटवायची वेळ टळून गेली, पण गिरणी सुरू करा असं एकीनंही म्हटलं नाही.